कोपऱ्यातले तारे लांबट का येतात: अलाइनमेंटचं सॉफ्टवेअर स्वतः लिहायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. केळापूरकडचे एक भाऊ हरभऱ्याच्या वावरात जागलीला जातात, रानडुकरं अन् रोही हाकलता हाकलता रात्र काढायची तर कॅमेरा सोबत नेतात. साधा ट्रायपॉड, ५० एमएमची लेन्स, मृग नक्षत्राचे अर्धा तास सलग फोटो, प्रत्येकी ८ सेकंदांचा. मग पायथॉनमध्ये ओपनसीव्ही या लायब्ररीचं ओआरबी (फोटोतल्या ठळक खुणा शोधून जुळवणारी पद्धत) वापरून फीचर जुळवले, होमोग्राफी (एक फोटो दुसऱ्यावर बसवायचं गणित) काढली, सगळे फोटो एकावर एक बसवले, म्हणजे अलाइन केले, अन् सरासरी घेतली, म्हणजे स्टॅक केले. मधले तारे बरे आले, कोपऱ्यातले लांबट आले, अन् एकंदर फोटो सिंगल फोटोपेक्षाही मऊ दिसून राहिला. तयार सॉफ्टवेअर वापरायचं नाही, स्वतःच लिहायचं आहे, तर चूक कुठं शोधायची?

भाऊ, पहिले कोड बंद करा अन् एकच रॉ फोटो १०० टक्के झूम करून कोपरा पाहा. तिथंच तारा लांबट किंवा पाखरासारखा पसरलेला असेल तर जगातलं कोणतंच अलाइनमेंट त्याला सरळ करणार नाही. ५० एमएमची स्वस्त लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे एफ १.८ वर ठेवली की कोपऱ्यात कोमा, म्हणजे ताऱ्याला शेपटी फुटल्यासारखा लेन्सचा दोष, येतोच, ती एफ २.८ किंवा ४ वर आणा. अन् दुसरं, ते ८ सेकंद. हिशोब सोपा आहे: २०६ गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये, उत्तर येते एका पिक्सेलमागं किती आर्कसेकंद (अंशाचा ३,६०० वा भाग). २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचा पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा, म्हणजे तुमच्या लेन्सला १६ आर्कसेकंद. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद फिरते अन् मृगाचा पट्टा तर खगोलीय विषुववृत्तावरच बसलेला, तिथं सरकण्याचा वेग सगळ्यात जास्त. म्हणजे दर सेकंदाला जवळपास एक पिक्सेल. ८ सेकंदात तारा ८ पिक्सेलची रेघ ओढून मोकळा होतो, अन् तुम्ही त्या रेघा एकमेकींवर नीट बसवून राहिले. तो "५०० भागिले फोकल लेंथ" वाला नियम फिल्मच्या काळातला आहे, आजच्या बारीक पिक्सेलला चालत नाही. अडीच-तीन सेकंद ठेवा, फोटो जास्त काढा. शंभर फोटोंची सरासरी घेतली की सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे खरा उजेड अन् दाणेदारपणा यांचं प्रमाण, दहापट सुधारतो, वर्गमुळाच्या हिशोबानं, त्यामुळं एकेक फोटो काळपट आला तरी घाबरायचं नाही.

आता कोडकडं येतो. तुमच्या पूर्ण प्रश्नाचं माझं उत्तर एकच: स्टॅक केलेल्या फोटोकडं पाहून अलाइनमेंट सुधारता येत नाही, रेसिड्युअल पाहावे लागतात. रेसिड्युअल म्हणजे तुमच्या ट्रान्सफॉर्मनं तारा जिथं नेला ती जागा अन् रेफरन्स फोटोत तो खरोखर जिथं आहे ती जागा, या दोघांतला फरक. प्रत्येक ताऱ्यासाठी हा फरक काढा अन् मॅटप्लॉटलिबमध्ये बाण काढून दाखवा, बाणांची लांबी दोनशेपट वाढवून, नाहीतर दिसणारच नाहीत. बहुतेक लोक हे करतच नाहीत, फक्त आरएमएसचा (सगळ्या फरकांची एक प्रकारची सरासरी) एक आकडा छापतात अन् तो लहान दिसला की खुश. पण आरएमएस ०.६ आहे म्हणजे सगळीकडं ०.६ की मधे ०.१ अन् कोपऱ्यात ३, हे त्या आकड्यावरून कळत नाही, अन् तुमचं दुखणं नेमकं तिथंच आहे.

बाण पाहायच्या आधी तारे नीट मोजले पाहिजेत अन् ओआरबी इथंच मार खाते. ते बनलं आहे इमारतीचे कोपरे, खिडक्या, अक्षरं असल्या गोष्टींसाठी. तारे सगळे सारखेच पांढरे ठिपके, एकाचं वर्णन दुसऱ्याला लागू पडते, अन् त्याच्या कोपऱ्याची जागा साधारण पिक्सेलभर चुकीची असू शकते. तुम्हाला पिक्सेलच्या दहाव्या भागाइतकी अचूकता पाहिजे. म्हणून ओआरबी काढून टाका अन् तारे स्वतः शोधा. पद्धत अशी की फोटोचे ६४ बाय ६४ चे चौकोन पाडा, प्रत्येकाचा मीडियन (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारी किंमत) काढा, तो झाला बॅकग्राउंड, तो वजा करा. नॉइज मोजायला साधं स्टँडर्ड डेव्हिएशन नका घेऊ, तारेच त्याला फुगवतात. मीडियनपासूनच्या फरकांचा, उणे चिन्ह सोडून, मीडियन घ्या अन् त्याला १.४८२६ नं गुणा. त्याच्या पाचपट वर जे लागून-लागून पिक्सेल आहेत तो तारा. मग प्रत्येक पिक्सेलच्या उजेडाला त्याच्या जागेनं गुणून बेरीज, भागिले उजेडाची बेरीज, हा झाला सेन्ट्रॉइड. बॅकग्राउंड वजा करायचा राहिला तर हा सेन्ट्रॉइड दरवेळी खिडकीच्या, म्हणजे ताऱ्याभोवती मोजायला घेतलेल्या चौकोनाच्या, मध्याकडं ओढला जातो अन् सगळे आकडे गुळगुळीत, खोटे चांगले येतात. हे सगळं हातानं लिहायचा कंटाळा असेल तर एसईपी नावाची लायब्ररी आहे, तिच्यामुळं सोर्स एक्स्ट्रॅक्टर या १९९६ च्या तारे शोधणाऱ्या प्रोग्रामचाच गाभा पायथॉनमधून वापरता येतो. पण एकदा स्वतः लिहाच, वीस-तीस ओळींचं काम आहे.

किती अचूक येईल तर ढोबळमानानं ताऱ्याची रुंदी (उजेड अर्धा होतो तिथली) भागिले २.३५, भागिले त्याचा सिग्नल-टू-नॉइज. अडीच पिक्सेल रुंदीचा तारा अन् ५० चा सिग्नल-टू-नॉइज असला तर दोन शतांश पिक्सेल. म्हणजे माल भरपूर आहे, आपण वाया घालवतो. एकदम चमकदार तारे, व्याध, रोहिणी वगैरे, ज्यांचा माथा सपाट झालाय ते वगळा, त्यांचा मध्य भरवशाचा नसतो. अन् उलट्या टोकाला, फोकस इतका तीक्ष्ण की तारा एकाच पिक्सेलमध्ये मावतो, तेही वाईट. सेन्सरवर लाल, हिरवे, निळे पिक्सेल खुर्च्या मांडल्यासारखे असतात, तांबडा तारा निळ्या पिक्सेलवर पडला की जवळपास गायबच, अन् सेन्ट्रॉइड उड्या मारते. म्हणून मोजणी हिरव्या पिक्सेलवर करा, ते अर्धे असतात.

हॉट पिक्सेलबद्दल, म्हणजे उजेड नसतानाही चमकणाऱ्या पिक्सेलबद्दल, वेगळं सांगतो कारण आपल्याकडं हा त्रास जास्त. जानेवारीत गोष्ट वेगळी, पण एप्रिल-मे मध्ये दिवसा ४५ अन् रात्री अकरालाही ३४-३५ असते तेव्हा सेन्सर तापलेला असतो, डार्क करंट (उजेडाशिवायच सेन्सरमध्ये साचणारा सिग्नल) साधारण दर ६ अंशाला दुप्पट होतो, अन् फोटोत ताऱ्यांपेक्षा हॉट पिक्सेलच जास्त निघतात. आता गंमत पाहा, हे पिक्सेल दर फोटोत त्याच जागेवर असतात. तुमचं रॅन्सॅक, म्हणजे चुकीच्या जोड्या गाळणारी पद्धत, जास्तीत जास्त मतं कुठं पडतात ते पाहते, अन् मतं पडतात "काहीच सरकलं नाही" या उत्तराला. सॉफ्टवेअर छाती ठोकून सांगते रेसिड्युअल ०.००, अन् स्टॅक केल्यावर ताऱ्यांच्या रेघाच रेघा. शून्याच्या इतकं जवळचं उत्तर आलं की खुश व्हायचं नाही, संशय घ्यायचा. इलाज दोन आहेत. लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच उकाड्यात डार्क फोटो काढून वजा करा, अन् कोडमध्ये एक साधी चाळणी ठेवा: आकाश पंचवीस-तीस पिक्सेल सरकलं असताना जो "तारा" तीन फोटोंत त्याच पिक्सेलवर सापडला तो तारा नव्हे.

आता जुळवणी. या फोटोतला कोणता तारा म्हणजे त्या फोटोतला कोणता? गोंड लोक सप्तर्षीच्या चार ताऱ्यांना खाट म्हणतात अन् मागच्या तिघांना चोर. ती खाट उगवताना उभी असते, वर चढली की पालथी, तरी तुमच्या आजीला ओळखू येते, कारण चार खुरांमधल्या अंतरांचं एकमेकांशी प्रमाण बदलत नाही. कोडमध्ये हेच करायचं, फक्त त्रिकोणांनी. प्रत्येक ताऱ्याचे जवळचे पाच शेजारी घ्या, त्यांचे त्रिकोण करा, बाजू मोठ्यापासून लहान लावा, मधलीला मोठीनं भागा, लहानीला मोठीनं भागा. दोन आकडे मिळतात, त्रिकोण फिरवला, सरकवला, मोठा केला तरी तेच राहतात. दोन्ही फोटोंचे हे आकडे केडी-ट्रीमध्ये (जवळचे आकडे पटकन सापडावेत अशी मांडणी) टाकून जवळचे शोधा, मग रॅन्सॅकनं खोट्या जोड्या हाकला. ही कल्पना १९८६ मध्ये ग्रॉथ नावाच्या शास्त्रज्ञानं मांडली, अस्ट्रोअलाइन नावाची पायथॉन लायब्ररी अजूनही साधारण याच वाटेनं जाते, फोटो आकाशातल्या कोणत्या भागाचा ते ओळखणारं अस्ट्रोमेट्री डॉट नेट त्रिकोणाऐवजी चार ताऱ्यांचे चौकोन वापरते. पण एक सांगू का, एकाच रात्रीच्या सलग फोटोंना हे दरवेळी लागतच नाही. पहिल्या जोडीला त्रिकोण वापरा, पुढं आधीच्या फोटोचं उत्तर धरून तारा कुठं जाईल याचा अंदाज करा अन् तिथं दोन-तीन पिक्सेलमध्ये जो सापडेल तो घ्या. कितीतरी पट वेगात होते.

तारे निवडताना सगळ्यात चमकदार पन्नास घेऊ नका. मृगात चमकदार तारे मधे गोळा झालेले, मग कोपऱ्यांचं ऐकणारं कोणी नाही, फिट मधल्यांना खुश ठेवते अन् कोपरे मोकाट. फोटोचे आठ बाय सहा खण पाडा, प्रत्येक खणातून चार-पाच तारे घ्या, फिके असले तरी चालतील. खाली पळसाची झाडं, धुरा, विहिरीवरचा दिवा आला असेल तर तेवढा भाग मास्क करा. ओलिताला गेलेला माणूस बॅटरी मारते तो फोटो तर सरळ फेकून द्या, रात्रीच लाइन असते तर बिचारे जाणार कधी.

अन् आता तुमचं मुख्य दुखणं, मॉडेल. होमोग्राफी का वापरली ते बरोबरच आहे, कॅमेरा जागेवर आहे अन् आकाश ध्रुवाभोवती फिरते, आदर्श पिनहोल (लेन्सऐवजी सुईएवढं छिद्र असलेल्या) कॅमेऱ्याला असं निव्वळ फिरणं होमोग्राफीत तंतोतंत बसते. फक्त लेन्स पिनहोल नाही. अर्ध्या तासात आकाश साडेसात अंश फिरते, तुमच्या फोटोत ते १,६०० च्या वर पिक्सेल झाले. म्हणजे सुरुवातीला मधे असलेला तारा शेवटी कडेकडं गेलेला असतो. लेन्सचं डिस्टॉर्शन, म्हणजे चित्र वाकवणं, समजा कोपऱ्यात १ टक्का आहे, तर मध्यापासून ३,६०० पिक्सेलवर ते ३६ पिक्सेल झालं, अन् मधे शून्य. होमोग्राफीत सरळ रेघ सरळच राहते, तिला हे वाकणं माहीतच नाही. बाणांचा नकाशा काढाल तेव्हा मधे बारीक बाण अन् कोपऱ्यांकडं जाता जाता आत किंवा बाहेर तोंड करून वाढत जाणारे बाण दिसतील. ही लेन्सची सही समजा.

याच्यावर लोक करतात काय की दर फोटोला तिसऱ्या-चौथ्या घाताचं बहुपद फिट करतात. मला ते पटत नाही. दर फोटोला वीस-तीस मोकळे आकडे दिले की ते नॉइजलाही फिट होतात, अन् ज्या कोपऱ्यात तारे कमी तिथं भलतीकडं वळतात. त्यापेक्षा विचार असा करा की लेन्स रात्रभर तीच आहे. मग डिस्टॉर्शनचे आकडे सगळ्या फोटोंना मिळून एकदाच: मध्य कुठं आहे त्याचे दोन, अन् अंतराच्या वर्गाचा अन् चौथ्या घाताचा असे दोन गुणक, झाले चार. फोकल लेंथ पाचवा. राहिलं दर फोटोचं फिरणं, त्याचे तीन आकडे. सगळ्या फोटोंतले सगळे तारे एकत्र सायपाय या पायथॉन लायब्ररीच्या लीस्ट स्क्वेअर्सला (चुका कमीत कमी होतील असे आकडे शोधणाऱ्या हिशोबाला) द्या. एकच तारा वेगवेगळ्या फोटोंत सेन्सरच्या वेगवेगळ्या जागी येऊन गेलेला असतो, त्यामुळं लेन्स स्वतःच स्वतःला मोजून देते, कॅटलॉगही लागत नाही. लागलाच तर टायको-२ आहे, पंचवीस लाख तारे, ५० एमएमला तेवढे पुष्कळ.

तुम्ही म्हणाल, फिरण्याचे तीन आकडे तरी कशाला, वेळ माहीत आहे, सेकंदाला १५ आर्कसेकंद, ध्रुव उत्तरेला वीस अंशावर, गणितच मांडतो. मांडा, पण कॅमेऱ्याची वेळ फाइलमध्ये बहुतेकदा पूर्ण सेकंदातच लिहिलेली असते अन् आपण वर पाहिलं की एक सेकंद म्हणजे एक पिक्सेल. शिवाय तुमची ती काळी माती. ओलीत झालेल्या वावरात ट्रायपॉडचे पाय हळूहळू खचतात, एकच पाय अर्धा मिलिमीटर खाली गेला तरी कॅमेरा दीड-दोन आर्कमिनिटांच्या (अंशाचा साठावा भाग) कोनानं कलतो, म्हणजे पाच-सात पिक्सेल. फिरण्याचे आकडे फोटोगणिक मोकळे ठेवले तर हे खचणं आपोआप त्यात जाते. तरी पायाखाली फरशीचे तुकडे ठेवत जा. रेसिड्युअल बाजूला ठेवून नुसते हे तीन आकडे वेळेच्या ग्राफवर काढून पाहा, कोणत्या मिनिटाला ट्रायपॉडला धक्का लागला ते दिसते.

क्षितिजाकडं गेलात तर वातावरणही वाकवते. ४५ अंशावर साधारण १ आर्कमिनिट, ३० अंशावर पावणेदोन आर्कमिनिटांच्या आसपास, क्षितिजावर ३४ आर्कमिनिटं. मृग रात्री नऊ-दहाला डोक्याकडं असतो तेव्हा चिंता नाही, मावळतीला लागल्यावर ३० च्या खाली घेऊ नका, डोकं दुखवायची गरज काय.

रंगांचं एक. लेन्स लाल अन् निळा उजेड थोड्या वेगळ्या मोजमापानं सेन्सरवर टाकते, कोपऱ्यात ताऱ्याला एका बाजूला लाल अन् दुसऱ्या बाजूला निळी किनार येते ती त्याचीच. मॉडेल तयारच आहे तर तिन्ही रंगांना वेगळे गुणक द्या, किनार बऱ्यापैकी जाते. पण किनार सगळ्या फोटोभर, अगदी मधेही, अन् एकाच दिशेनं असेल तर दोष लेन्सचा नाही, तुमच्या कोडचा आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत लाल पिक्सेल ०,० वर असतो, निळा १,१ वर. रॉ मधून चार वेगळे थर काढले अन् चौघांनाही ०,० पासून मोजलं तर लाल-निळ्यात एक पूर्ण पिक्सेलचा तिरपा फरक पडला. निर्देशांकाच्या रेसिड्युअलमध्ये हा दिसत नाही, कारण तिथं प्रत्येक रंग स्वतःशीच जुळलेला असतो. म्हणून बाणांचा नकाशा दोनदा काढायचा, एकदा फिट झाल्यावर अन् एकदा फोटो खरोखर वळवून झाल्यावर, वळवलेल्या फोटोत तारे पुन्हा शोधून.

वळवणं, म्हणजे रीसॅम्पलिंग, एकदाच करा. तुमच्या कोडमध्ये आधी डिस्टॉर्शन काढून एक फोटो, मग तो फिरवून दुसरा, असं होऊन राहिलं असेल तर दर पायरीला तारा थोडा पसरतो. बायलिनियर (शेजारच्या चार पिक्सेलची सरासरी घेणारी पद्धत) असेल तर चांगलाच पसरतो, तुमच्या मऊपणाचा एक वाटेकरी हा असण्याची दाट शक्यता आहे. सगळे ट्रान्सफॉर्म कागदावर जोडा, नव्या फोटोचा प्रत्येक पिक्सेल मूळ फोटोत कुठून येतो तो नकाशा काढा अन् मूळावरून थेट उचला. त्यासाठी लँक्झोस-३ हे सूत्र चांगलं, फक्त चमकदार ताऱ्याभोवती काळं कडं पाडते, म्हणून आलेली किंमत आजूबाजूच्या पिक्सेलच्या किमान-कमालमध्ये कोंबून ठेवा. ड्रिझल, म्हणजे सरकलेल्या फोटोंचे पिक्सेल थेंबांसारखे बारीक जाळीवर टाकायची पद्धत, हबल दुर्बिणीच्या डीप फील्ड फोटोसाठी निघाली, तुमच्याकडं शेकडो फोटो अन् बारीक तारे असतील तरच त्याच्या नादी लागा.

रेफरन्स फोटो पहिला घेऊ नका, मधला घ्या, दोन्हीकडचं सरकणं अर्धं होते. स्टॅक करताना नुसती सरासरी नको, सिग्मा क्लिपिंग (बाकीच्यांपेक्षा फार वेगळ्या किमती वगळणं) ठेवा, आजकाल उपग्रहांच्या रेघांशिवाय फोटोच येत नाही, शिवाय उरलेले हॉट पिक्सेलही त्यातच जातात.

चाचणी खऱ्या फोटोवर करण्याआधी खोट्यावर करा. नमपायमध्ये दोनशे गोल तारे काढा, नॉइज टाका, दुसऱ्या फोटोत तेच तारे ०.३७ पिक्सेल सरकवून अन् दोन अंश फिरवून काढा, कोडला विचारा किती सरकलं. ०.३७ ऐवजी ०.५ किंवा ० म्हणालं तर तुमचं सेन्ट्रॉइड अर्ध्या किंवा पूर्ण पिक्सेलकडं ओढलं जातेय. ते जमलं की सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर, ही स्टॅकिंगची तयार सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत, त्याच फोटोंवर चालवून ताऱ्यांची रुंदी ताडून पाहा. सिंगल फोटोत मधल्या ताऱ्यांची रुंदी २.५ पिक्सेल असेल तर स्टॅकमध्ये २.७-२.८ पर्यंत समजू शकतो, ४ आली तर काहीतरी गळतेय.

चंद्र अन् गुरूचंही विचारलं होतं. ते पूर्ण वेगळं प्रकरण. तिथं तारे नाहीत म्हणून फेज कोरिलेशन लावतात, दोन्ही फोटोंचं फूरिए (चित्राचं लाटांमध्ये रूपांतर) करून सरकणं काढायचं, अन् हवेच्या हलण्यानं चंद्राचा प्रत्येक तुकडा वेगळा डुलतो म्हणून पृष्ठभागावर अनेक बिंदू धरून प्रत्येक तुकडा वेगळा बसवायचा. व्हिडिओतल्या हजारो फ्रेममधून फक्त चांगल्या निवडायच्या, अशी चांगली फ्रेम मिळण्याची शक्यता फ्राइड नावाच्या शास्त्रज्ञानं १९७८ मध्ये गणितानं काढून ठेवली आहे. ऑटोस्टॅकर्ट नावाचं सॉफ्टवेअर असंच निवडून बसवते. गुरू दहा तासांच्या आतच एक फेरी घेतो, म्हणून त्याचा व्हिडिओ दोन-तीन मिनिटांच्या वर नको. आधी तारे जमवा, मग तिकडं वळा.

राहिली लॅपटॉपची गोष्ट. २४ मेगापिक्सेल, तीन रंग, प्रत्येकी ४ बाइट, एका फोटोला २८८ एमबी. शंभर फोटो एकदम मेमरीत घ्याल तर ८ जीबीचा लॅपटॉप मान टाकणारच. दोनशे ओळींची पट्टी घ्या, तेवढीच सगळ्या फोटोंतून वळवा, क्लिप करा, डिस्कवर लिहा, पुढची पट्टी. अन् ट्रान्सफॉर्मचे आकडे फिट झाल्याबरोबर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह करा, झालेल्या पट्ट्यांची नोंदही त्यातच. मधेच लाइन गेली अन् बॅटरी संपली तर प्रोग्राम जिथं थांबला तिथून उचलेल, ताऱ्यांची मोजणी पहिल्यापासून करायची पाळी येणार नाही.